फॅटी लिव्हर: सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आल्यावर पडणारे प्रश्न

मूतखड्यासाठी सोनोग्राफी करा, पाळीच्या तक्रारीसाठी करा नाहीतर विम्याच्या तपासणीसाठी करा, रिपोर्टच्या तळाशी 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' ही ओळ बऱ्याचदा सापडतेच. मूळ दुखणं बाजूला राहतं आणि माणूस ती ओळ घेऊन दवाखान्यात येतो. काहींच्या चेहऱ्यावर कॅन्सर झाल्यासारखी भीती असते. काहीजण हसत सांगतात, "डॉक्टर, हे तर सगळ्यांनाच असतं ना?" दोन्ही मंडळींना मी रोज जी उत्तरं देतो, ती इथे लिहून ठेवतो आहे.

फॅटी लिव्हर म्हणजे नेमकं काय?

यकृत बरगड्यांच्या खाली उजवीकडे असतं. वजन सव्वा ते दीड किलो. जेवणातून आलेली साखर साठवणं, पित्त तयार करणं, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवणं, औषधं आणि दारू निकामी करणं, अशी शेकडो कामं त्याच्या अंगावर असतात. त्याच्या पेशींत थोडी चरबी असणं नैसर्गिक आहे. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर चिकनच्या दुकानात जा. निरोगी कोंबडीची कलेजी गडद तपकिरी लाल, ओलसर आणि चकचकीत असते. कधीकधी एखाद्या ब्रॉयलर कोंबडीची कलेजी फिकट पिवळट निघते, बोटाने दाबली की मऊ पिठासारखी फुटते. एका जागी बसून दिवसभर दाणे खाल्लेली कोंबडी ती. माणसाच्या यकृताचंही चरबीने असंच होतं, रंग फिका आणि आकार फुगीर.

रिपोर्टवर 'ग्रेड २' लिहिलंय. म्हणजे आजार दुसऱ्या टप्प्यात गेला का?

नाही. एवढा एक गैरसमज गेला तरी अर्धी भीती जाते आणि अर्धी बेफिकिरीसुद्धा.

सोनोग्राफीच्या पडद्यावर चरबी उजळ दिसते. यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा थोडं जास्त पांढरं दिसलं तर ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर ग्रेड २. इतकं पांढरं की मागचा श्वासपटल धड दिसत नाही, तर ग्रेड ३. म्हणजे ग्रेड हा चरबीच्या पांढरेपणाचा डोळ्यांनी काढलेला अंदाज आहे. तपासणारा बदलला की ग्रेडही एखाद्या अंकाने बदलू शकते.

खरा प्रश्न असतो यकृत निबर झालंय का. भेंडी कोवळी असते तेव्हा सहज मोडते, निबर झाली की चावत नाही. यकृतात चरबी साठून दीर्घकाळ सूज राहिली की जखमेच्या व्रणासारखे तंतू तयार होतात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याचे टप्पे एफ-० ते एफ-४, आणि एफ-४ म्हणजे सिरॉसिस, यकृत पूर्ण निबर आणि गाठाळ होणं. माणसाचं पुढे काय होणार हे प्रामुख्याने या टप्प्यावर ठरतं. ग्रेड ३ असूनही फायब्रोसिस अजिबात नसलेले रुग्ण मी पाहतो, आणि रिपोर्टवर 'ग्रेड १' लिहिलेलं असताना यकृत बरंच निबर झालेलेही. सिरॉसिसकडे जाताना यकृतातली चरबी कधीकधी कमी होते, त्यामुळे ग्रेड सुधारली म्हणून पेढे वाटण्याआधी एकदा विचारून घ्या.

मी दारूला शिवत नाही, अंडंसुद्धा खात नाही. मला कसं झालं?

बहुतेक जण हे जरा दुखावलेल्या आवाजात विचारतात, कारण घरच्यांनी संशय घेतलेला असतो.

यकृतातली चरबी म्हणजे ताटातलं तूप थेट तिथे जाऊन बसलं, असं नसतं. २००५ साली अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या रुग्णांत ही चरबी येते कुठून हे मोजलं गेलं. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तावाटे आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेली, आणि थेट आहारातल्या स्निग्ध पदार्थांची जेमतेम १५ टक्के.

मुळाशी असतो इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, होणारा विरोध. पोटाचा घेर वाढला, हालचाल कमी झाली की पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडत राहतात, आणि यकृत एकीकडे तो साठवतं, दुसरीकडे साखरेपासून नवी चरबी तयार करतं. साखरेतलं फ्रुक्टोज तर बहुतांशी यकृतातच जिरतं.

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलो. त्याबरोबरची खारी, बटर, टोस्ट वेगळे. शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी माणसाच्या घरी हे सगळं असतंच की.

मी तर बारीक आहे. वजन ६२ किलो. तरीही?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यातून आलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्याहून सोपं माप कंबरेचं. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमी ही मर्यादा. आता इथे सगळे फसवतात, मुद्दाम नव्हे, सवयीने. "मला ३४ ची पँट लागते" म्हणतात. पँट पोटाच्या खाली घातलेली असते! टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. दवाखान्यात हे माप घेतलं की ३४ चे बहुधा ३९ होतात.

शिवाय आनुवंशिकताही असते. थायरॉइड मंद असणं, पीसीओएस (बायकांमधला पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड), घोरण्याचा आजार, काही औषधं, विशेषतः लांबलेली स्टेरॉइड्स, हीसुद्धा कारणं होऊ शकतात.

काहीच त्रास होत नाही. मग काळजी कशाला?

कारण यकृत तक्रार करत नाही. बहुतेकांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. कुणाला थकवा येतो, कुणाला उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो, पण त्यावरून निदान होत नाही.

एक खूण मात्र बाहेर दिसते. मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड झालेली कातडी. आया मुलांची मान घासणीने आणि डाळीच्या पिठाने रगडत असतात, "किती मळ बसलाय बघा डॉक्टर." तो मळ नसतो. इन्सुलिनला विरोध असल्याची ती खूण आहे, आणि घासून जाणार नाही.

पावलांवर सूज, पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी, काळा शौच, झोपेची वेळ उलटी होणं किंवा बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं सिरॉसिसमध्ये उशिरा येतात. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एसजीपीटी नॉर्मल आहे. मग सगळं ठीक ना?

तसं नाही. एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली, रक्तात मोजली जाणारी विकरं (एन्झाइम). ती वाढली तर पेशींना इजा होते आहे असा संशय घ्यायचा. पण ती नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो, विशेषतः मधुमेह असेल तर.

शरीरावर याचा परिणाम काय होतो?

यकृतापुरतं बोलायचं तर चार पायऱ्या: नुसती चरबी, मग चरबीसोबत सूज, मग फायब्रोसिस, मग सिरॉसिस. सगळे जण ही पायरी चढत नाहीत. बहुसंख्य लोक पहिल्या पायरीवरच राहतात, आणि चढणाऱ्यांनाही बहुधा कित्येक वर्षं लागतात. मधुमेह सोबत असेल तर वेग वाढतो. सिरॉसिस झाल्यावर यकृताचा कॅन्सर होण्याची शक्यता राहते, म्हणून त्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. फॅटी लिव्हरमध्ये क्वचित सिरॉसिसशिवायही कॅन्सर होतो.

पण लोकांना जे सांगितलं जात नाही ते असं: फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचा जीव सर्वांत जास्त वेळा यकृत घेत नाही, हृदय घेतं. मराठीत काळीज हा शब्द आपण हृदयासाठीही वापरतो आणि खाटकाकडे गेल्यावर यकृतासाठीही. शब्दाने केलेला हा गोंधळ आजाराच्या बाबतीत अगदी बरोबर ठरतो. चरबीने भरलेलं यकृत रक्तात जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, आणि रात्रीतून स्वतःच ग्लुकोज तयार करून सोडत राहिल्याने सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. "रात्री काही गोड खाल्लं नाही, मग सकाळी १४० कशी?" असं विचारणाऱ्यांना उत्तर बऱ्याचदा यकृतात सापडतं. मधुमेह फॅटी लिव्हर वाढवतो आणि फॅटी लिव्हर मधुमेह आणतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराशीही याचा संबंध दिसतो.

म्हणून फॅटी लिव्हरचा रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाचा रक्तदाब, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग तपासण्या कोणत्या करायच्या?

सगळ्यात आधी फायब्रोसिसचा अंदाज देणारं, फुकटात होणारं गणित: फिब-४. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढे चार आकडे लागतात. वयाला एसजीओटीने गुणायचं, आणि त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं.

समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४ चं वर्गमूळ ८, आणि २१० गुणिले ८ म्हणजे १६८०. भागाकार साधारण १.४९. उत्तर १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर यकृततज्ज्ञांना दाखवा. मधलं असेल, या उदाहरणासारखं, तर फायब्रोस्कॅन करून घ्या. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांत हे गणित फारसं भरवशाचं नाही.

फायब्रोस्कॅन सोनोग्राफीसारखाच, न दुखणारा. त्यात दोन आकडे येतात: यकृताचा निबरपणा किलोपास्कलमध्ये आणि चरबी 'कॅप'मध्ये. लोक नेमका चरबीचा आकडा पाहून घाबरतात. आधी किलोपास्कल पाहा. ८ च्या खाली असेल तर बहुधा चिंता नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या. बायॉप्सी, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासणं, थोड्यांनाच लागते.

खायचं काय? भात बंद करू का?

भात बंद करायची गरज नाही, ढीग बंद करायचा. ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ किंवा वरण, आणि शेवटी भाकरी-पोळी किंवा भात, यातलं एक काहीतरी. आपल्या ताटात उलटं असतं: तीन पोळ्या, वर भात, आणि भाजी तोंडी लावायला.

ज्वारी-नाचणीच्या भाकरीत तंतू जास्त आहेत, पोट भरलेलं राहतं, म्हणून ती चांगली. पण भाकरीसुद्धा पिष्टच. "मी आता भाकरीच खातो" म्हणत चार भाकऱ्या रिचवणारे आहेत.

पहिली कात्री साखरपाण्यावर. चहातली साखर, कोल्ड्रिंक, डबाबंद ज्यूस, आणि हो, उसाचा रससुद्धा. रसवंतीतल्या एका ग्लासात तीस ग्रॅमच्या पुढे साखर सहज असते. गूळ घातला म्हणून यकृताला फरक कळत नाही. फळ चावून खा, रस काढून नको. आंबा? हंगामात जेवणाऐवजी थोडा, जेवणावर आमरसाच्या दोन वाट्या नको.

उपवासाचं वेगळं सांगावं लागतं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, दाण्याचं कूट, बटाटा, शेजारी गोड दही. उपवास करायचा असेल तर वरीचे थोडे तांदूळ, काकडी, ताक, फळ इतकं पुरे. खिचडी खायचीच असेल तर ती खिचडी म्हणून खा, उपवास म्हणून नको.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. घरातली माणसं मोजा आणि किराणा यादीतला आकडा त्यांच्याशी ताडून पाहा. डाळी, कडधान्य, दही, अंडी, मासे चालतात. बिनसाखरेची कॉफी यकृताला फायद्याची दिसते, बऱ्याच अभ्यासांत फायब्रोसिस कमी आढळला आहे. पण कॉफीचं नाव घेऊन त्यात साखर आणि साय घालू नका.

वजन किती कमी करायचं?

वजनाच्या ५ टक्के कमी झालं की यकृतातली चरबी उतरायला लागते. ७ ते १० टक्के कमी झालं की सूजही ओसरते. १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर बऱ्याच रुग्णांत फायब्रोसिससुद्धा मागे हटतो. ७८ किलोच्या माणसाला हे अनुक्रमे ४, साडेपाच ते पावणेआठ, आणि त्यापुढचं. म्हणजे ५५ किलोचं व्हायचं नाहीये.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई नको. उपाशी राहून झटपट वजन उतरवलं तर यकृताची सूज वाढू शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. मूळचे बारीक असाल तर ३ ते ५ टक्केही पुरतात.

व्यायाम कुठला?

जो तुम्ही पुढच्या वर्षीही कराल तो. आठवड्याला १५० मिनिटं दमछाक होईल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही: सूर्यनमस्कार, बैठका, वजनं. वजनाचा काटा हलला नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. कट्ट्यावर थांबत, फोनवर बोलत मारलेली फेरी यात धरू नका.

थोडी घेतली तर चालते का?

आधी 'थोडी' मोजू. ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, ६० चा मोठा म्हणजे २०. बिअर हलकी समजतात, पण ६५० मिलीच्या साध्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ४० च्या आसपास, म्हणजे चार छोटे पेग. फॅटी लिव्हर असताना चरबी आणि दारू हातात हात घालून इजा करतात. फायब्रोसिस असेल तर एक थेंबही नको. नसेल तरी माझं उत्तर नकोच आहे. 'फक्त शनिवारी' म्हणून एका बैठकीत पाच-सहा पेग घेणं हे तर अजिबातच नको.

यावर गोळी नाही का?

आहे, पण सगळ्यांसाठी नाही. भारतात २०२० साली सारोग्लिटाझार या औषधाला फॅटी लिव्हरसाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाईड, सूज आणि मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी मंजूर झालं. ई जीवनसत्त्व आणि पायोग्लिटाझोन निवडक रुग्णांना देतात. ही सगळी डॉक्टरांनी ठरवायची औषधं, औषधाच्या दुकानदाराने नव्हे. ग्रेड १ वाल्याला यातलं बहुधा काहीच लागत नाही.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू असेल तर "लिव्हरला त्रास होईल" म्हणून स्वतःहून बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहे, आणि हृदयासाठी गरजेची.

काढे, गुळवेल, लिव्हर डिटॉक्स?

यकृताला धुवून काढणारं औषध नसतं. धुण्याचं काम तेच करत असतं. माझ्याकडे एक गृहस्थ तीन महिन्यांचा डिटॉक्स कोर्स करून आले, पिशवीत अकरा बाटल्या, एकीवरही घटकांची पूर्ण यादी नाही. एसजीपीटी मात्र आधीच्या पाचपट.

गुळवेलीबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांचा अहवाल छापला. कोविडच्या काळात ती नेमाने घेतल्यावर यकृताला इजा झाल्याचं त्यात मांडलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वादाचा निकाल काहीही लागो, आधीच आजारी असलेल्या यकृतावर स्वतःच्या मनाने काही वापरू नका. वैद्यांकडे जात असाल तर त्यांना रिपोर्ट दाखवा, आणि काय घेताय ते मलाही सांगा. ओरडणार नाही.

मुलांनाही होतं?

होतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ साली देशभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रौढांत ३८ टक्क्यांच्या वर आणि मुलांत सुमारे ३५ टक्के प्रमाण आढळलं. लठ्ठ मुलांत ते आणखी जास्त. मुलाला एकट्याला पथ्यावर बसवू नका, घरातला वेफर्सचा डबाच हलवा.

नवा रिपोर्ट 'मॅसल्ड' म्हणतो. हा वेगळा आजार आहे का?

तोच. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जुनं 'नॅफल्ड' हे नाव बदललं. 'दारूशिवायचं' असं सांगण्यापेक्षा चयापचयाशी नातं सांगणारं नाव बरं, असा विचार त्यामागे होता.

पुन्हा सोनोग्राफी कधी करू?

दर महिन्याला तर नकोच. सहा महिने पथ्य आणि व्यायाम मन लावून करा, मग रक्ततपासणी आणि फिब-४. आकडा कमी जोखमीचा असेल तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हिशोब, मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांनी. मधल्या काळात शिवणाच्या डब्यातला टेप काढा, दर महिन्याच्या एक तारखेला कंबर मोजा आणि कॅलेंडरवर पेनने लिहा. पुढच्या वेळी येताना रिपोर्टच्या फाइलऐवजी ते कॅलेंडर आणलंत तरी चालेल.